कार्मेलबायचा दगड

पाहुणे, हसू नका हं. आमच्या तिवरपाड्याच्या बँडमधली गाणारी बाई जमिनीत पुरलेल्या खांबासारखी का उभी राहते, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. धक्क्याच्या टोकाचा हा चौकोनी दगड पाहा. लग्न असो की फेस्त म्हणजे चर्चचा सण, गाणारीने यावर चढायचं आणि गाणं संपेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. ही पद्धत कार्मेलबायपासून पडली, असं सांगतात.

कार्मेल तुस्कानो मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गायची. गोऱ्या साहेबांचा जमाना तो. तिला म्हणे एका जागी उभं राहून गाताच येत नसे. गात गात टेबलांमधून फिरायची, आणि ती जाईल तिकडे माना वळायच्या. पुढे गावात येऊन तिने स्वतःचा बँड काढला. पाच वाजवणारे, सगळे इथलेच, तिने हाताला धरून शिकवलेले. ट्रम्पेटवर तिचा सख्खा भाऊ बस्त्याव. तिने एक ओळ गायची, त्याने ट्रम्पेटवर उत्तर द्यायचं. पुरुषांच्या बँडवर बाईचा हुकूम म्हणून गावाने नाकं मुरडली, पण लग्नाची तारीख ठरवताना आधी तिलाच विचारायचे.

जानेवारीतलं फेस्त होतं. चर्चमधल्या मिस्साला, प्रार्थनेला गायचं म्हणून कार्मेल आदल्या दिवशीच घरी आली. बँड पलीकडच्या तीरावरचं लग्न आटोपून सकाळच्या होडीने येणार होता. नेमकं त्या सकाळी खाडीवर असं धुकं उतरलं की दोन हातांवरचं दिसेना. होडी तर निघालेली. लांबून ट्रम्पेट वाजला. बस्त्याव वाट विचारत होता. कार्मेल धावत धक्क्यावर गेली आणि गाऊ लागली. ती गायची, तो उत्तर द्यायचा, आणि दर उत्तराला होडी जवळ येत होती. तिच्या जिवात जीव आला.

तिथेच घात झाला. भावाचं नीट ऐकू यावं म्हणून ती गात गात पुढे सरकली. जन्माची सवय ती, पायांना कोण सांगणार? धक्का सोडून ती उजवीकडच्या खडकांवर कधी गेली, तिचं तिलाही कळलं नाही. होडी तिच्या आवाजामागे वळली. धाडकन आवाज झाला, आणि पुढच्या ओळीला उत्तर आलं नाही.

पाचही गेले. वाचला एकटा होडी हाकणारा तांडेल. त्याला बाहेर ओढला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "बाय, तू धक्क्यावरच होतीस ना?"

"नव्हते," ती म्हणाली.

गावाने तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं माझी मावशी म्हणायची. कार्मेलने हा दगड आणवून बसवला, आणि एकवीस वर्षं रोज सकाळी यावर उभी राहून तीच ओळ गायली. पाय सुजायचे, पण ती तसूभर हलली नाही. फादरांनी समजावलं, आईने पदर पसरला. काय उपयोग? गेलेलं माणूस परत येत नाही, हे तिला कळत नव्हतं थोडंच.

आजही आमची गाणारी पहिली ओळ म्हणते आणि थांबते. ट्रम्पेटवाला ट्रम्पेट खाली धरून उभा राहतो, कारण ते उत्तर बस्त्यावने द्यायचं असतं. नवरा-नवरीसकट आम्ही सगळे खाडीकडे कान लावतो. काही ऐकू येत नाही. मग ढोलवाला काठी मारतो आणि वरात पुढे निघते.