गावाबाहेरची जागा

“कुणाचीच हरकत नाही, मग तुमचीच का, अप्पा?”

“माझी कुठं हरकत आहे?”

“मग सही करा की.”

“सही नाही करायची.”

रेवण गोंधळला. त्याने कागद पुन्हा अप्पांच्या पुढ्यात सरकवला. अप्पांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि परत त्याच्या हातात दिला.

मादळगावच्या माळावरचा तो मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि एक लिंबाचं झाड. चन्नवीर अप्पा तिथे एकटेच राहायचे. ऐंशी ओलांडलेली, पण पाठ ताठ. रेवण हत्तुरे शाळेत असताना चार वर्षं या मठात राहिला होता. इथेच जेवला, इथेच पाढे शिकला. पुढे सोलापूरला जाऊन इंजिनिअर झाला. आता तालुक्यातल्या गावांसाठी कचऱ्याचे आराखडे करायचं काम त्याच्याकडे आलं होतं, आणि पहिलं गाव म्हणून त्याने मुद्दाम मादळगाव घेतलं होतं. या गावातली दारं मी डोळे मिटून ओळखतो, असं तो ऑफिसात सांगायचा.

आराखडा चौऱ्याऐंशी पानांचा झाला होता. घरं किती, माणसं किती, ओला कचरा किती, सुका किती, घंटागाडी कोणत्या गल्लीतून कधी जाईल, सगळं त्यात होतं. जागाही ठरली होती, खाणीजवळचं गायरान. तिथे जायचा नवा पक्का रस्ता मात्र मठाच्या जमिनीतून जात होता. म्हणून अप्पांची सही हवी होती; त्यासाठी रेवणची ही तिसरी खेप होती. दुसऱ्या दिवशी अंतिम मंजुरीची ग्रामसभा होती.

“अप्पा, आजही गावचा कचरा तिथंच पडतो,” रेवण म्हणाला. “मी नवीन काही करत नाही. शेड बांधायची, कुंपण घालायचं. उघड्यावर पडतोय तो आत पडेल, एवढंच. वरची आळी, खालची आळी, पेठ... सगळ्यांनी हात वर करून मान्य केलंय. या गावात कधी एवढं एकमत झालं होतं का?”

“नव्हतं झालं.”

“मग?”

अप्पा ओट्यावरची पानं गोळा करत राहिले.

“काही चुकलंय का आराखड्यात? सांगा ना. मी दुरुस्त करतो.”

“मला त्यातलं कळत नाही, बाबा.”

“मग सही का नाही?”

अप्पांनी उन्हाकडे बघितलं.

“डबा आणलायस का?”

“आणलाय.”

“मग चल, जेवून घेऊ.”

“इथं बसू की.”

“नको. तुझ्या जागेवर बसू.”

...

रेवण मागून चालत राहिला. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे, त्याला काही केल्या कळेना. लहानपणीही असंच व्हायचं. विचारायला जावं एक आणि अप्पांनी विहिरीवरून पाणी आणायला पाठवावं.

गायरानात कचऱ्याचा ढीग पुरुषभर उंच होता. एका कडेने तो धुमसत होता. प्लास्टिकच्या पिशव्या, कोंबड्यांची पिसं, बाळांचे वापरलेले लंगोट, औषधांच्या बाटल्या. धूर जमिनीलगत पसरत होता.

अप्पा एका बाभळीखाली दगडावर बसले. फडकं सोडून त्यांनी भाकरी काढली, शेंगाचटणी काढली.

“जेव.”

रेवणने डबा उघडला आणि लगेच झाकण लावलं. नाकाला रुमाल लावला.

“अप्पा, इथं कसं जेवणार?”

अप्पांनी घास मोडला. चावला. गिळायला त्यांनाही वेळ लागला.

तेवढ्यात ढिगाच्या पलीकडून एक म्हातारी आली. हातात स्टीलचा तांब्या, वर पालथा पेला. तिने पेला भरून आधी अप्पांना दिला.

“अप्पा, आज इकडं कसं काय जेवायला?”

“हा आला म्हणून. यल्लव्वा, हा आमचा रेवण.”

यल्लव्वाने दुसरा पेला भरून रेवणपुढे धरला. रेवण तिच्याकडे बघतच राहिला.

“या... कुठून आल्या?”

“घरातनं,” यल्लव्वा म्हणाली आणि मागे हात केला.

ढिगामागे पत्रे दिसत होते. रेवणने ते याआधी पाहिले होते, जीपमधून, रस्त्यावरून. खाणीवरची अवजारं ठेवायच्या शेड असतील असं त्याला वाटलं होतं. आता त्याला पत्र्यांखालची दारं दिसली. दोरीवर वाळत घातलेली लुगडी दिसली. एका दारात रांगोळी होती. वीस-बावीस घरं तरी असतील.

त्याच्या नकाशावर तिथे काहीच नव्हतं. नुसती पिवळी रेघोटी, ‘पडीक’ म्हणून.

“तुम्ही इथं राहता?” त्याने विचारलं. “मग हा... हा वास? त्रास होत नाही?”

“कसला वास?”

तिने खरंच विचारलं होतं. मान वर करून तिने दोन-तीनदा हवा हुंगली. त्याचं काहीतरी हरवलंय आणि आपण शोधायला मदत करतोय, अशी.

“न्हाई बा... काय जळायलंय का?”

पेला अजून तिच्या हातातच होता. तिने तो हळूच खाली घेतला.

“ऱ्हाऊ द्या, सायेब. आमच्यातलं पाणी चालत नसंल तर...”

“नाही, नाही! तसं नाही.”

रेवणने पेला जवळजवळ ओढूनच घेतला आणि एका दमात संपवला. त्याचे कान तापले होते.

“किती वर्षं झाली इथं?”

“पंधरा झाली. खाण सुरू झाली तवा दगूड फोडायला आनलं आमास्नी.”

“आणि तेव्हापासून या कचऱ्याशेजारी राहताय?”

“तवा कुठला कचरा? हितं निस्तं गवत हुतं. आमी आलाव, मग गाडी याया लागली.”

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. कोण आधी आलं आणि कोण मागून, तेवढंच तिने सांगितलं.

“मग तुम्ही सभेत का नाही बोललात? मागच्या आठवड्यात सभा झाली. सगळ्यांना विचारलं होतं.”

यल्लव्वाने अप्पांकडे पाहिलं. साहेब हे असं काय विचारतोय, असा चेहरा केला.

“सबा गावाची असती की, सायेब.”

अप्पांनी भाकरी संपवली. फडकं झटकलं. रेवणचा डबा तसाच होता.

...

मठात परत येताना रेवण अप्पांच्या पुढे भरभर चालला. ओट्यावर बसला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता.

“तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“पहिल्या दिवशी तू आलास आणि म्हणालास, सही करा. सही करायची नव्हती. ते सांगितलं.”

“हे काय उत्तर झालं, अप्पा?”

“नाही झालं.”

अप्पांनी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग सावकाश म्हणाले,

“पंधरा वर्षं तो धूर माझ्याही अंगणातून जातोय. मी दार लावून पूजा करत आलो. त्या बाईला बघून मी काय केलं? तिनं दिलेलं पाणी प्यालो. सही नाकारायची, हे तरी तू कागद आणलास म्हणून सुचलं.”

रेवणने अप्पांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याला भीती वाटली. समोरचा माणूस आपल्याला वाट दाखवायला बसला आहे की आपल्यासारखाच अडकून बसला आहे?

“ठीक आहे. तिथं नको. मी ती जागा काढून टाकतो. मग दुसरी कुठली?”

“मला कळंना.”

“तुम्हालाही?”

“मला तर पहिल्यापासनंच कळंना.”

“आणि उद्या सभा आहे!”

“हो. उद्या आहे.”

“मी तिथं उभा राहून काय सांगू?”

अप्पा उठले, आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. रेवणने वाट पाहिली आणि मग तोही उठला.

...

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवण एकटाच खाणवस्तीवर गेला. ‘सभेला या’ म्हणाला. बायका हसल्या. शेवटी यल्लव्वा आणि आणखी चौघी आल्या, पण पंचायतीच्या हॉलमध्ये न येता बाहेरच्या पायरीवर बसल्या.

सरपंच भागिरथी मेत्रे यांनी आराखडा मंजुरीला ठेवला. रेवण उभा राहिला.

“खाणीजवळची जागा मी रद्द केलीय,” तो म्हणाला. “तिथं माणसं राहतात. मी नीट बघितलं नव्हतं. चूक माझी आहे.”

एकच गलका झाला. एवढं ठरलेलं मोडायचं म्हणजे काय? कुणी सांगितलं याला? अतिक्रमणवाल्यांसाठी गाव अडवायचं का?

“मग दुसरी जागा सांग!” पेठेतला एकजण ओरडला.

“माझ्याकडे नाही.”

“इंजिनिअर आहेस ना तू?”

“आहे. पण नाही सापडली.”

“त्यात काय सापडायचंय? गावाबाहेर टाकायचा!”

“हां, गावाबाहेर!” सगळे म्हणाले.

“बाहेर म्हणजे कुठं?” रेवणने विचारलं. खोचून नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. “मला हातानं दाखवा.”

हात वर झाले. वरच्या आळीचे हात ओढ्याकडे, खालच्या आळीचे शाळेकडे, पेठेतले वरच्या आळीकडे. ज्याच्या घराकडे बोट गेलं तो उठून उभा राहायला लागला. “तिकडं माझं घर आहे!” “तिकडं आमची विहीर आहे!” हात खाली येईनात. माणसं एकमेकांच्या हातांकडे बघायला लागली.

रेवण दाराकडे वळला.

“यल्लव्वा, तुम्ही दाखवा.”

यल्लव्वा पायरीवरून उठली. पदर सारखा केला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळा हॉल तिच्या हाताची वाट बघत होता. हात काही वर गेला नाही.

“आमच्याकडं बाहीर न्हाई, सायेब. आमच्या म्होरं खाण हाय.”

वर झालेले हात एकेक करून खाली आले.

मग खालच्या आळीतला बसवराज घोडके चिडून म्हणाला, “म्हणजे काय, घरात ठेवायचा का कचरा?”

“सगळा नको,” सरपंच बाई म्हणाल्या, “पण ओला तरी परसात जिरंल की. माझी सासू जिरवायची.”

तिथून पुढे सभा चार तास चालली. दोनदा मोडली. वरच्या आळीचे लोक निघूनच गेले. उरलेल्यांनी ठरवलं की ओला कचरा ज्या त्या आळीनं आपल्याच आळीत खड्डा करून जिरवायचा. प्लास्टिकला कुणीच जागा देईना. तेव्हा ते पंचायतीच्या ऑफिसमागच्या खोलीत साठवायचं ठरलं. खाणीकडे गाडी न्यायची नाही, हे सगळ्यात शेवटी, पुरत्या थकलेल्या आवाजात ठरलं.

चौऱ्याऐंशी पानांतलं एकही पान कुणी उघडलं नाही.

...

चार महिन्यांनी रेवण मठात आला. वाकून नमस्कार केला आणि ओट्याच्या कडेला बसला.

“खाणीवरचा धूर बंद झालाय,” तो म्हणाला.

“हं.”

“ढीग अर्धा उचललाय. अर्धा तसाच आहे. वरची आळी अजून ओढ्यातच टाकते. खालच्या आळीच्या खड्ड्यात किडे झाले म्हणून भांडणं झाली. ऑफिसमागची खोली भरत आली, सरपंच बाई रोज माझ्यावर ओरडतात.”

“हं.”

“आणि जिल्ह्यातून पत्र आलंय, मादळगावचा आराखडा उत्तम म्हणून.”

अप्पा हसले. रेवणला हसू आलं नाही.

“अप्पा, तो माझा आराखडा नाही. मी जो केला होता तो चुकला. जे झालं ते मी केलं नाही. ते बरोबर झालं की अर्धवट झालं, तेही मला सांगता येत नाही. पूर्वी मला सगळं कळत होतं. आता एखाद्या गल्लीत शिरलो तरी उगीच थांबतो, बघतो... काय बघायचं ते ठाऊक नाही. सोबतचे लोक कंटाळतात.”

लिंबाची पिवळी पानं ओट्यावर पडत होती. अप्पांनी त्यातलं एक उचललं, बोटांत फिरवलं, खाली ठेवलं.

“त्या पत्रात आणखी एक आहे,” रेवण म्हणाला. “चाळीस गावं दिलीत मला. दोन महिन्यांत सगळे आराखडे हवेत. सकाळी एक गाव, दुपारी एक गाव. जीप दिलीय. ड्रायव्हर इतका हुशार आहे की त्याला चाळीसही गावांचे रस्ते पाठ आहेत.”

अप्पा ऐकत होते.

“सोमवारी निघायचंय. कसं करू? काहीतरी सांगा.”

अप्पा माळाकडे बघत होते.

“अप्पा?”

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“जमलं तर, बाळ, एखाद्या गावात रस्ता चुक.”