राजा भूमिसेन आणि मौनमणी

एका राज्यात, सात टेकड्यांच्या मधोमध, भूमिसेन नावाचा राजा राज्य करीत होता. तलवारबाजीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि रणांगणावर तो कधी थकला नव्हता. पण त्याला दोन लेकरे होती. थोरली मंजुला पाच वर्षांची, धाकटा कुवलय अडीच वर्षांचा. या दोघांपुढे मात्र राजा टेकीला आला.

कुवलयाने राजमुद्रा तांदळाच्या कणगीत पुरली. अकरा सेवक दोन दिवस तांदूळ उपसत बसले. मंजुलेने शेजारच्या राज्याचा वकील दुपारी डुलकी घेत असता त्याला काजळाच्या मिशा काढल्या. वकील तशाच मिशांनी दरबारात उभा राहिला. दरबार हसला, वकील रागावला, तह मोडता मोडता राहिला. राजाने त्याच संध्याकाळी कालनाभ नावाच्या मायाव्याला बोलावून घेतले.

“काय हवे, महाराज?”

“शांतता.”

“किती दिवसांची?”

“कायमची!” राजा रागाच्या भरात बोलून गेला.

कालनाभाने झोळीतून कबुतराच्या अंड्याएवढा पांढरा मणी काढला. “हा मौनमणी. मुलांच्या दालनात ठेवा. तो गोंगाट गिळतो.” त्याने मोबदला मागितला नाही. का मागितला नाही, हे राजाने विचारले नाही. त्याने राणी हेमलेखेलाही काही विचारले नाही. स्वतःच्या हाताने मणी दालनातल्या कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुले गादीवर शेजारी शेजारी बसून राहिली. घास भरवला की गिळायची, उभे केले की उभी राहायची. राजाने त्या दिवशी तुंबलेले चार निवाडे संपवले आणि निवांत जेवला. त्याच्या पुढचा दिवसही तसाच गेला. राणीने किती वैद्य बोलावले, हे त्याच्या कानावरही आले नाही. तिसऱ्या दिवशी राणी भर दरबारात आली. अशी ती आजवर कधी आली नव्हती.

“महाराज, कुवलय पडला. कपाळावर टेंगूळ आले आहे. पण तो रडला नाही.”

राजा सिंहासनावरून उठला. दालनात जाऊन त्याने मुलाला उचलले, तर मूल जड लागले. पावले गार होती आणि पायांची नखे दगडाची झाली होती. राजाने मण्यावर घण घातला. घण फुटला, मणी जागचा हलला नाही. कालनाभाचा कुठे पत्ता लागेना.

तेव्हा खिडकीतल्या पिंजऱ्यातली साळुंकी बोलली. “राजा, मुलांचा आवाज पिऊन कालनाभ तरुण राहतो. सात दिवसांनी पौर्णिमा. मणी भरेल, तो न्यायला येईल आणि तुझी मुले दगड होतील.”

“उपाय सांग.”

“राक्षसाच्या लेकराच्या हसण्याने दगड फुटतो. उत्तरेच्या कड्यावर धूम्रजटा राक्षसीण राहते. तिच्या लेकराचे हसू शंखात धरून आण. मात्र हसू धाकाने मिळत नाही.”

राजाने पिंजरा उघडून साळुंकीला खांद्यावर घेतले, शंख कमरेला बांधला आणि घोड्यावर मांड टाकली. राणी दारापर्यंत आली. “मला विचारले असतेत तर,” एवढेच ती म्हणाली. राजाने घोड्याला टाच मारली.

दोन दिवसांनी तो कड्यावर पोहोचला. धूम्रजटा गुहेच्या तोंडाशी बसली होती. केस पिंजारलेले, डोळे लाल, हातात पळी. राजाने तलवार उपसली.

“म्यान कर,” ती कुजबुजली. “लेकरू आत्ताच झोपलंय.”

राजाने तलवार म्यान केली. ती खण्णकन वाजली आणि गुहेतून टाहो ऐकू आला. राक्षसिणीने राजाकडे असे पाहिले की तसे कोणा वैऱ्यानेही कधी पाहिले नव्हते.

राजाने आपली हकीकत सांगितली. राक्षसिणीने ती उभ्या उभ्या डुलक्या देत ऐकली. मग म्हणाली, “नऊ महिने झाले, माझ्या डोळ्याला डोळा नाही. तीन दिवस तू सांभाळ. पहिल्या दिवशी जेवू घाल, दुसऱ्या दिवशी न्हाऊ घाल, तिसऱ्या दिवशी दुपारचं निजव. हसलं तर हसू तुझं. त्याला इजा झाली तर तुला खाईन.” आणि ती तिथेच आडवी झाली. तिच्या घोरण्याने झाडे वाकू लागली.

लेकराचे नाव डुंबर. म्हशीच्या पारड्याएवढे अंग आणि खाली दोन दात. राजाने नाचणीच्या पेजेची कढई पुढे ठेवली आणि आज्ञा केली, “खा.” डुंबराने पेज राजाच्या मुकुटावर थुंकली. राजाने विनवणी केली. डुंबराने ती दाढीवर थुंकली. दुपार कलली, राजाला भूक अनावर झाली, तेव्हा तो स्वतःच पेज खाऊ लागला. डुंबर रांगत आला, त्याने राजाच्या तोंडात हात घातला, घास बाहेर काढला आणि खाल्ला. मग एक घास राजाने आपल्या तोंडात घालायचा, एक डुंबराने पळवायचा, असे करता करता कढई रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी राजाने पाणी तापवले. “कोपर बुडवून बघ,” साळुंकी म्हणाली. पाणी कढत निघाले. राजाने विसण घातले. पण न्हालेला डुंबर हातातून निसटला आणि थेट चुलीतल्या राखेत लोळला. पुन्हा न्हाऊ घातले, तो चिखलात गेला. तिसऱ्यांदा न्हाऊ घालताना राजाच पाय घसरून घंगाळात बसला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. डुंबर त्याच्याकडे टकमक बघत राहिला. हसला मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजाने त्याला छातीवर घेतले. अंगाई म्हणावी, तर एकही येत नव्हती. राणी रोज दुपारी मुलांना अंगाई म्हणायची, तेव्हा राजा आपल्या महालाची दारे लावून घ्यायचा. मग त्याने जे येत होते तेच म्हटले. आपल्या घोड्यांची नावे. ती संपल्यावर किल्ल्यांची. मग नद्यांची. डुंबराचे डोळे जड झाले. राजाचा हात बधिर झाला, नाकाला खाज सुटली, पण तो हलला नाही. मंजुला तान्ही असताना अशीच छातीवर झोपायची, हे त्याला आठवले. ती कधीपासून तिथे झोपेनाशी झाली, हे मात्र काही केल्या आठवेना. राजाचे डोळे भरून आले.

उन्हे उतरली आणि डुंबर जागा झाला. त्याने राजाचे तोंड न्याहाळले, नाक मुठीत धरले, आणि ओळख पटल्यासारखा खदखदून हसला. समोरचा कडा वरपासून खालपर्यंत तडकला. राजाने शंख पुढे धरला, हसू भरून घेतले.

धूम्रजटा उठून बसली. “आणखी एक दिवस थांबतोस?”

“माते, माझी मुले वाट पाहत आहेत.”

“मग जा. घोडा दमला तरी थांबू नकोस.”

सातव्या दिवशी सूर्य मावळता मावळता राजा दालनात शिरला. कालनाभ कोनाड्यापाशी उभा होता, विशीतल्या तरुणासारखा, आणि त्याची बोटे मण्याला लागलेली होती. राजाने शंख मण्यावर उपडा केला. डुंबराचे हसू बाहेर पडले आणि मणी ताडकन फुटला. आत कोंडलेले सगळे आवाज एकदम सुटले: आरोळ्या, हट्ट, बडबड, रडणे. झुंबरे हलली. कालनाभाचे केस पांढरे झाले, दात गळाले, पाठीला बाक आला. तो म्हातारा भिंतीला धरत धरत वाड्याबाहेर गेला, तो पुन्हा कधी दिसला नाही.

कुवलयाने कपाळाला हात लावला आणि सात दिवसांपूर्वीच्या टेंगळासाठी भोकाड पसरले. राणीने त्याला उराशी धरले.

मंजुला गादीवरून उतरली, पण राजाकडे आली नाही.

“मला सगळं दिसत होतं,” ती म्हणाली. “मणी तुम्हीच ठेवलात, बाबा.”

“हो. मीच ठेवला.”

“का?”

“मी चिडलो होतो. माझे चुकले, मंजुला.” राजा तिच्यासमोर जमिनीवर बसला.

तिने बराच विचार केला. मग ती त्याच्या मांडीवर येऊन बसली. “आता मी बोलणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

“पहिल्या दिवशी माझ्या नाकावर माशी बसली. मला उडवताच येईना...”

दारात प्रधान आला. वकील पुन्हा आले आहेत, तहावर मुद्रा हवी आहे, असे खुणेने सांगू लागला. राजाने हाताने त्याला थांबवले. मंजुला माशीवरून वैद्यांवर गेली, वैद्यांवरून साळुंकीवर, साळुंकीवरून पुन्हा माशीवर. आणि राजा ऐकत राहिला. दरबारात निरोप गेला की महाराज राजकार्यात आहेत.

अशी त्या राज्याची पीडा टळली आणि तिथे सुख नांदू लागले, गोंगाटासकट.