प्रतिस्मरणाचं मूळ

“पण आक्का, ही विद्या मुळात आली कुठून?”

हौसाक्का आश्रमाच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पुस्तकात काय लिवलंय?”

“हिमालयातल्या अदृश्य सिद्धसंघानं ती खांबेटे गुरुजींच्या कानात सांगितली.”

“मग झालं की.”

“पण तुम्ही तेव्हा इथं होतात. गुरुजींचा स्वयंपाक तुम्ही करायचात. मला खरं ऐकायचंय.”

निनाद इंगवले व्हिएन्नाहून आला होता तो याचसाठी. शिकायला गेलेल्या या गडहिंग्लजच्या मुलाला तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात खांबेटे गुरुजींच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर सापडलं, आणि तो त्या पुस्तकाचाच होऊन गेला. गुरुजींच्या पंथाची साधना एकच, प्रतिस्मरण. डोळे मिटायचे आणि गेलेला दिवस उलटा आठवत जायचा, आत्तापासून थेट पहाटे जाग आली तिथपर्यंत. निनाद सात वर्षं ती करत होता. आता व्हिएन्नात चाळीस माणसं त्याच्याकडून शिकायला थांबली होती. पण पंथाचा नियम कडक. गुरुजींच्या मागे हौसाक्काच गुरुस्थानी. त्यांनी ‘शिकव’ म्हटल्याशिवाय कुणी कुणाला शिकवायचं नाही.

“खरं ऐकायचंय?” आक्कांनी एक शेंग त्याच्या पुढ्यात टाकली. “गुरुजींची छत्री हरवली.”

“...काय?”

“छत्री. काळी. बाजारातनं आले, बघत्यात तर छत्री न्हाई. हितंच बसले, डोळं मिटले. म्हणाले, आता मी पायरीवर. त्याच्या आदी वेशीत. त्याच्या आदी तेल्याच्या दुकानात... असं करत करत पार सकाळच्या च्यापातूर गेले.”

“आणि छत्री?”

“कुठली सापडतीय! पर गुरुजी उठले ते हसत उठले. म्हणाले, हौसा, अगं, किती माणसं भेटली मला आज! अन् पुन्हा गावात गेले. सगळ्यांस्नी परत भेटून आले.”

“मग तो सिद्धसंघ?”

“त्यो मागनं शिष्यमंडळींनी घातला. पुस्तकात छत्री छापायची लाज वाटली त्यास्नी.”

सात वर्षं. चाळीस माणसं. आणि मुळाशी एक छत्री.

“म्हणजे मी इतकी वर्षं...”

“वर्षं ऱ्हाऊ देत. आजचा दिवस सांग. उलटा.”

इथं मात्र तो सावरला. हे त्याला येत होतं. हे त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. त्यानं पाठ ताठ केली, डोळे मिटले.

“आता पायरीवर. त्याआधी डोंगराच्या पायऱ्या, एकशे बारा. चौसष्टावी तुटलेली. त्याआधी फाट्यावर उतरलो, दहा वाजून सात मिनिटं. त्याआधी एसटी, तिसरी रांग, खिडकी. त्याआधी स्टँड, फलाट क्रमांक चार...”

“थांब थांब. एसटीत किती वेळ हुतास?”

“पाऊण तास.”

“तितं काय झालं?”

“काही नाही. मी डोळे मिटून प्रतिस्मरण करत होतो.”

“कशाचं?”

“...स्टँडचं.”

शेंगा फोडायचा आवाज थांबला. निनादनं डोळे उघडले. आक्कांचे खांदे गदगदा हलत होते.

“शेजारी कोण हुतं रं?”

“एक बाई होती... बहुतेक.”

“बहुतेक!”

हे स्वयंपाकघरातून आलं. पाठोपाठ एक बाई दारात उभी राहिली. तिच्या काखेत तांबडी कोंबडी.

“आक्का, ह्योच त्यो! म्या म्हटलं, दादा, जरा तुमची पिशवी बघा. तर ह्यानं डोळं न उघडता मला ‘शू’ केलं. म्हटलं, देवाचं माणूस दिसतंय, ऱ्हाऊ दे बाई.”

“ही कासूबाई,” आक्का म्हणाल्या. “बाजाराला निघाली की आदी माझ्याकडं च्या प्यायला येती. तुझ्याच गाडीनं आली, तुझ्या आदी डोंगर चढली. आता पिशवीत हात घाल.”

निनादनं हात घातला. वह्या. गुरुजींचं पुस्तक. घडी केलेली शाल. शालीच्या घडीत काहीतरी गोल, गुळगुळीत...

अंडं.

कोंबडीनं मान वाकडी करून पाहिलं.

“महिना झाला, अंडं देत नव्हती रांड,” कासूबाई म्हणाली. “म्हणून इकायला काढली हुती. तुमच्या शालीवर जरा बूड टेकलं अन् झाली मोकळी! आता कशाला इकतीया?”

निनाद अंड्याकडे बघत राहिला. मग कासूबाईकडे. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. पुढचा एक दात नाही. उजव्या कानात फूल, डाव्यात नुसती काडी. पाऊण तास हे सगळं त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

मग तो हसला, असा हसला की कोंबडी फडफडली आणि खालच्या पायरीवरचं कुत्रं उठून भुंकायला लागलं. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. दोन्ही हातांनी त्यानं अंडं कासूबाईपुढे धरलं.

“मावशी, घ्या. तुमचं आहे.”

“ऱ्हाऊ द्या की! अख्खा डोंगर उबवत आणलंयसा. आता तुमचंच.”

आक्का पायरीवर थाप मारून हसल्या. कितीतरी वेळ तिघंही हसत होती. एक थांबलं की दुसरं सुरू.

मग हळूहळू शांत झालं. वारा होता. टरफलं अंगणभर पळत होती.

निनादनं अंडं जपून शालीवर ठेवलं आणि हात जोडले. आवाज अगदी लहान झाला होता.

“आक्का... मी शिकवू का तिथं?”

आक्का उठल्या. पदर झटकला. कासूबाईच्या काखेतून कोंबडी अलगद काढून घेतली.

“साडेचारला परतीची गाडी हाय. कासूसंगं जा, डोळं उघडं ठेवून.”

“आणि... शिकवायचं?”

“कोंबडी तू धर.”