दहाचं ऊन

“मग इंजिन राखतं कोण, उस्ताद? जाड तेल का पातळ?”

वामन गेडामनं हे तिसऱ्यांदा विचारलं. उस्ताद ननावरे तेव्हा रुग्णवाहिकेची बॅटरी शेगडीजवळ ठेवत होते. लडाखातल्या आमच्या दवाखान्यात त्यांचा हा रोजचा नेम. संध्याकाळ झाली की बॅटरी काढायची आणि आत आणून उबेला निजवायची.

मी तिथला कंपाउंडर, मूळचा आजऱ्याचा. थंडीला शिव्या देत सातवा हिवाळा काढत होतो. उस्ताद साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त, सत्तरी ओलांडलेले. वामन चंद्रपूरच्या कोळसा खाणीत अकरा वर्षं डंपर दुरुस्त करून आलेला. त्याच्या हाताला गुण होता, तोंडाला लगाम नव्हता. उस्तादांचे गुडघे गेले होते. गाडीची किल्ली आता वामनकडे जायची होती.

“सत्तेचाळीस डिग्रीत डंपर चालवलो जी मी. वीस-पन्नास ग्रेडचं जाड तेल घालून. एक इंजिन बसलं नाही! अन् तुम्ही काहून हे पाच-तीस घालता? हे तेल आहे का पाणी, बाप्पा?”

खिडकीतली खोबरेलाची बाटली उचलून उस्तादांनी वामनच्या हातात दिली.

“डोक्याला लाव.”

वामननं बाटली उलटी केली. झटकली. बुडावर थापट्या मारल्या. आतला पांढरा गोळा हलला नाही.

“तेल हाय का बाटलीत?”

“भरलेली आहे जी.”

“मग लाव की.”

“उन्हात ठेवा जी. पातळ होते.”

“हितं ऊन किती वाजता येतं?”

“दहाला.”

“हं…”

बाटली पुन्हा खिडकीत गेली. वामननं माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हाताऱ्याला उत्तर सुचलं नाही, असा त्याचा अर्थ. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

वामननं चंद्रपूरहून वीस-पन्नासचा पाच लिटरचा डबा आणला होता. गुरूला रिकाम्या हातानं कसं भेटायचं, म्हणून. उजेड होता तोवर तो गाडीखाली शिरला, उस्तादांचं पातळ तेल उतरवलं आणि स्वतःचं जाड तेल भरलं. अगदी भक्तिभावानं. मी बघितलं आणि गप्प बसलो. मला काय कळतं त्यातलं?

सकाळी साडेसहाला फोन आला. नऊ किलोमीटरवरच्या गावातून. शाळेत पोरांचा स्वयंपाक करणारी यांगचेन पहाटेपासून अडली होती. पहिलटकरीण. बाहेर उणे अठ्ठावीस.

वामननं उबदार बॅटरी जोडली, किल्ली फिरवली.

ऊंऽऽ… ऊं… आणि गप्प.

पुन्हा फिरवली. तेवढाही आवाज नाही.

उस्ताद काठी टेकत आले. बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी ओढून उजेडाकडे धरली. पट्टीच्या टोकाला घट्ट गोळा लागला होता. खाली पडेना.

वामनचा चेहरा पांढराफटक पडला. “उस्ताद… मी… चांगलं तेल म्हणून…”

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेगडीतले निखारे घमेल्यात काढले, आणि ज्या माणसाला जिना चढवत नव्हता तो बर्फात उताणा पडून गाडीखाली सरकला. घमेलं त्यांनी इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली धरलं. टेकवलं नाही. जरा जवळ, जरा लांब, असं हातानंच धरून राहिले.

“द्या जी इकडे! मी धरतो!”

“तू किल्लीपाशी बस.”

पन्नास मिनिटं! मी घड्याळ बघत होतो. फोन दोनदा वाजला. आमची सिस्टर मागं बसून यांगचेनचं नाव घेऊन देवाला आळवत होती. मला कालची माझी गप्प बसण्याची अक्कल आठवत होती.

“किल्ली मार,” गाडीखालून आवाज आला.

इंजिन कण्हलं, अडखळलं, लागलं. पण आवाज कसला! वरच्या अंगाला, तेल पोचलं नव्हतं तिथं, कोरडी खडखड, डब्यात खिळे हलवावेत तशी. समोर तेलाच्या दाबाचा लाल दिवा जळत होता. वामनचा पाय ॲक्सिलेटरकडे गेला.

“पाय काढ!”

उस्ताद बाहेर आले होते. भुवयांवर बर्फ, बोटं लालबुंद. त्यांनी तळवा इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि डोळे मिटले.

“न्हाई आलं… न्हाई… चढतंय…”

खडखड चालूच होती. दिवाही लालच होता.

“आलं,” उस्ताद म्हणाले.

आणि त्यानंतर, देवाशपथ सांगतो, त्यानंतर खडखड थांबली. मग दिवा विझला.

यांगचेनला घेऊन परत येईपर्यंत साडेनऊ झाले. फाटकातच, गाडीत, मुलगी झाली. निळी. रडेना. सिस्टरनं पाठ चोळली, तोंड पुसलं, पुन्हा चोळली. वामन स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

मग ती रडली. एवढ्याशा गळ्यातून केवढा आवाज!

मायलेकींना आत नेलं. मी बाहेर आलो तर वामन गाडीखाली होता. इंजिन गरम होतं तोवर त्यानं स्वतःचं तेल उतरवून टाकलं होतं आणि आता पातळ तेल भरायला उठत होता. उस्ताद पायरीवर बसले होते. दोन्ही हातांना सिस्टरनं पट्ट्या बांधल्या होत्या.

वामन त्यांच्या पायाशी बसला. किल्ली काढून त्यांच्यापुढं ठेवली.

“मी या किल्लीच्या लायक नाही जी. पण आता तरी सांगा. इंजिन राखतं कोण?”

उस्तादांनी काठीच्या टोकानं किल्ली हळूच त्याच्याकडे सरकवली. आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. अंगणात डोंगराची सावली तशीच पडलेली होती.

उस्तादांनी खिडकीतल्या बाटलीतल्या तशाच घट्ट गोळ्याकडे बघितलं, मग वर डोंगराच्या धारेकडे.

“ऊन आलं का रं?”