शंखबेटावरचे तीन दिवस

वेलानगरीत भद्रसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला आणि पुढे तो राजाच्या गलबताचा तांडेल झाला. तारक त्याचे नाव. वारा कधी फिरणार, भरती कधी लागणार, हे त्याला आधीच कळे. बोलणे मात्र बेताचे.

राजा मनाने चांगला, पण त्याच्या पायाला भिंगरी. तीस वर्षे तो या सीमेवरून त्या सीमेवर धावत राहिला. राणी सुमना नवी नवरी होऊन आली, तेव्हा त्याने तिला शब्द दिला होता, "तुला शंखबेट दाखवीन." बेट किनाऱ्यापासून अर्ध्या दिवसावर. तिथे किनाऱ्याला कासवे, रानात चितळे, खाडीत पाणमांजरे. आणि उन्हाळ्यात हजारो सुरय पाखरे, अंगाने पांढरी, डोक्यावर काळी टोपी. राणीच्या वडिलांनी तो थवा उठताना पाहिला होता. "सगळं आभाळ पांढरं झालं गं," असे ते सांगत, आणि ते ऐकतच ती मोठी झाली होती. पण निघायचे म्हटले की कधी लढाई उपटे, कधी दुष्काळ. दिलेला शब्द राहूनच गेला.

मग राणी आजारी पडली. वैद्यांनी राजाला बाजूला घेऊन सांगितले, "महाराज, त्या हा पावसाळा काढतील असं वाटत नाही."

राजा मुळापासून हादरला. चार दिवसांत त्याने सहलीचा सगळा बेत ताडपत्रावर उतरवला आणि तारकाला बोलावले.

"बघ तांडेल, तीन दिवस. पहिल्या दिवशी सकाळी कासवं, दुपारी चितळं. दुसऱ्या दिवशी खाडी. आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उजेडात, उठवणी! चाळीस ढोल घे. काही म्हणजे काही राहता कामा नये."

उठवणी ही वेलानगरीची जुनी रीत. राजघराण्यातले कोणी बेटावर गेले की ढोलवाले पाखरांना चहूबाजूंनी घेरत, एकदम ढोल बडवत, आणि सगळा थवा घाबरून आभाळात उडे. पाहुणे टाळ्या पिटत आणि मग जेवायला जात. मागे काय होते हे पाहायला कोण थांबतो?

तारक एकदा थांबला होता. विशीत असताना, विसरलेला दोर आणायला तो एकटा मागे फिरला. वाळूवरच्या उथळ खळग्यांत अंडी उघडी पडली होती. त्याने एक उचलले, तर हाताला चटका बसला. कावळ्यांची चंगळ चालली होती आणि पाखरे वर आकांत करत होती. नावाड्याच्या पोराचे कोण ऐकणार, म्हणून तेव्हा तो गप्प बसला. ते गप्प बसणे त्याला अजून डाचत होते.

आज त्याने हे सगळे राजाला सांगून टाकले.

राजाचा चेहरा लाल झाला. "माझी बायको जायला निघालीय, आणि तू मला अंड्यांचं सांगतोस?"

तारकाचे डोळे भरून आले. "महाराज, राणीमातेसाठी मी जिवाचं रान करीन. पण माझ्या गलबतात ढोल चढणार नाहीत."

"मग तूही चढू नकोस! दुसरा तांडेल नेईल."

"नेऊ दे. सुकाणू आत्ता त्याच्या हाती देतो. फक्त एकदा राणीमातेला विचारा. सहल त्यांची आहे."

राजा उत्तर द्यायला गेला आणि थबकला. अरेच्चा! ताडपत्र भरले, ढोल मोजले, आणि जिच्यासाठी हा खटाटोप, तिला विचारायचेच राहिले होते.

दोघे राणीच्या दालनात गेले. तिने उशीला टेकून सारे ऐकून घेतले आणि तारकाला विचारले, "मग उन्हात ती पाखरं करतात काय?"

"अंड्यांवर सावली धरतात, माते. नर-मादी पाळी लावतात. एक बसतं, दुसरं समुद्रात पोट भिजवून येतं आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतं."

"अगंबाई! मला ते बघायचंय."

"आणि थवा?" राजा कळवळून म्हणाला. "तुझे वडील सांगायचे तो?"

राणी म्हणाली, "हवा होता हो. अजूनही हवाय. पण कुणाचं घर उठवून नको."

राजाने ताडपत्र बाजूला ठेवले आणि तारकाला म्हणाला, "सुकाणू तूच धर."

बेटावर तारकाने पाखरांपासून बेताच्या अंतरावर झावळ्यांचा आडोसा उभारला. राजा-राणी आत बसले. राजाला कुठे चैन! "किती वेळ गं?" तो सारखा कुजबुजे. राणीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

ऊन चढले. समुद्रावरून एक पाखरू आले. त्याच्या पोटाच्या पिसांतून पाणी ठिबकत होते. बसलेली मादी उठली.

"जा बाई, जेवून ये आता," राणी हळूच म्हणाली.

"लवकर ये हो," राजाने नराच्या वतीने सांगितले. दोघेही तोंडावर हात धरून हसत सुटले.

दुपार कलली तेव्हा राणी म्हणाली, "तीस वर्षांत तुम्ही माझ्याजवळ एवढा वेळ बसलात, तो आजच."

राजाने तिचा हात घट्ट धरला आणि मोकळेपणी रडला. आडोशाबाहेर तारक समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

तिन्ही दिवस ती दोघे तिथेच बसली. चितळे राहिली, कासवे राहिली, खाडीही राहिली. परतताना राणीने बेटावरच्या रिकाम्या आभाळाकडे एकदा मान वळवून पाहिले. सुकाणूवरच्या तारकाने ते पाहिले. पिल्ले उडू लागली की सारा थवा पावसाआधी नगरीवरूनच नद्यांकडे जातो, हे त्याला ठाऊक होते. पण राणीकडे किती दिवस उरलेत हे कोणाला ठाऊक? खोटी आशा नको, म्हणून तो बोलला नाही.

ज्येष्ठ सरत आला. राणीने अंथरूण धरले होते, आणि राजा उशाशी बसून असे. एका दुपारी वारा फिरला. तारक बंदरावरून धावत, धापा टाकत आला.

"महाराज, राणीमातेला गच्चीवर आणा. आत्ता!"

राजाने तिला स्वतः उचलून नेले. समुद्राच्या बाजूने थवा येत होता. बघता बघता सगळे आभाळ पांढरे झाले. मागच्या बाजूला यंदाची पिल्ले धडपडत पंख मारत होती.

राणी डोळ्यांची पापणी न लववता बघत राहिली. "ढोल कुणी वाजवला?" तिने विचारले.

"कुणी नाही गं," राजा म्हणाला. "आपणहून आली."

शेवटचे पिल्लू दिसेनासे होईपर्यंत ती हसत होती. चौथ्या दिवशी, राजाच्या हातात हात असताना, ती गेली. राजाने उठवणी कायमची बंद केली. दर उन्हाळ्यात तीन दिवस तो त्या आडोशात जाऊन बसे आणि शेजारी राणीची जागा मोकळी ठेवी.

इतके सांगून शास्ते भगवान आपल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा भद्रसेन राजा म्हणजे आपला भिक्षू आनंद. सुमना राणी म्हणजे राहुलमाता. त्या पिल्लांतली कित्येक आज इथे भिक्षू होऊन बसली आहेत. आणि तारक तांडेल तो मीच. आपल्या माणसावर जीव असतानाही दुसऱ्याच्या पिल्लांवरचा जीव उणा होऊ न देणे, ही मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

समोर बसलेल्या आनंदाची मान खाली गेली होती. त्याचे डोळे ओले होते.