नववा नियम

"नाव न सांगता बोलणाऱ्याला आत घ्यायचंच कशाला, भन्ते?"

डॉ. हेमकांत बेंडाळे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. भन्ते धम्मसार विहाराच्या अंगणात चटया झटकत होते. हातातली चटई त्यांनी दोरीवर टाकली, धूळ खाली बसू दिली आणि मग म्हणाले,

"आत म्हणजे कुठे?"

"ग्रुपमध्ये. इंटरनेटवरच्या."

बेंडाळे जळगावातले नावाजलेले भूलतज्ज्ञ. माणसाची शुद्ध घालवायची आणि परत आणायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. शुद्ध म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्यातूनच त्यांच्या मागे लागला. सहा वर्षांपूर्वी भुसावळच्या वाटेवरच्या या लहानशा विहारात ते पहिल्यांदा आले, ते भन्तेंच्या डोक्याला तारा लावून, ध्यानात मेंदूचं काय होतं हे नोंदवायला. नोंदी झाल्या, निबंध छापून आला, आणि बेंडाळे दर रविवारी सकाळी येतच राहिले. शिकायला जातो, असं ते सांगत. तपासायला जातात, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

'जाणिवेचं विज्ञान' हा ग्रुप त्यांनीच काढलेला. चार हजार सभासद. त्यात डॉक्टर होते, मास्तर होते, ध्यान करणारे होते आणि काही नुसतेच भांडायला आलेले. अलीकडे तिथे फार बिनसलं होतं. म्हणून बेंडाळ्यांनी अकरा नियम टाइप करून आणले होते. खाली भन्तेंची सही हवी होती. भन्तेंचं नाव असलं की कोणी फाटे फोडणार नाही, असा त्यांचा हिशेब.

"वाचा," भन्ते म्हणाले.

"एक. मुद्द्यावर बोलावं, माणसावर बोलू नये."

"चांगला आहे. कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

भन्तेंनी दुसरी चटई दोरीवर टाकली.

"खोडके म्हणून एक आहे," बेंडाळे म्हणाले. "भौतिकशास्त्राचा मास्तर. मी काही लिहिलं की माझी अक्कल काढतो."

"दोन."

"दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करू नये."

"हा?"

"हाही खोडकेसाठीच."

तिसरा नियम होता, दावा करणाऱ्याने संशोधनाचा संदर्भ द्यावा. तो पुण्याच्या एका योगशिक्षिकेसाठी निघाला. चौथा, रात्रंदिवस एकच प्रश्न विचारत राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनियरसाठी. आठव्या नियमापर्यंत प्रत्येकामागे कोणी ना कोणी उभं होतं, आणि बेंडाळे सावध झाले. आपण नियम दाखवायला आलो आहोत, की इथे आपलीच झडती चालली आहे?

"नऊ," भन्ते म्हणाले.

बेंडाळ्यांनी घसा साफ केला.

"स्वतःचा अनुभव हा पुरावा धरला जाणार नाही. नाव न सांगता लिहिलेला अनुभव काढून टाकला जाईल. आणि शंका आल्यास, आपण माणूस आहोत, यंत्र नाही, हे सभासदाने सिद्ध करावं."

"हा कोणासाठी?"

"हल्ली यंत्रं लिहितात, भन्ते. अगदी माणसासारखं. वाचणाऱ्याला रडू येईल असं."

"नाव?"

"तेच तर. नावच नाही. 'एक पेशंट' एवढंच. बाई आहे म्हणते. ऑपरेशन चालू असताना आपण जाग्या होतो, असं लिहिलं तिने. सगळं ऐकू येत होतं, दुखत होतं, पण बोटसुद्धा हलवता येत नव्हतं. लोक हळहळले. मी पोस्ट काढली. तिलाही काढलं."

"का?"

"खरं कशावरून? कोणी तरी मुद्दाम लिहवून घेतलं असेल."

"कोणी?"

बेंडाळ्यांनी भन्तेंकडे रोखून पाहिलं. गेल्या दोन आठवड्यांत त्यांचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. थिएटरमधल्या सिस्टरवर, गावातल्या दुसऱ्या भूलतज्ज्ञावर, खोडकेवर. आता एक नवाच संशय मनात आला.

"ती तुमच्याकडे आली होती का?"

"माझ्याकडे बरेच जण येतात."

"मी तिचं विचारतोय."

"नाव सांगा," भन्ते म्हणाले, "म्हणजे आठवेल."

भन्तेंनी एक चटई अंथरली आणि बसायची खूण केली. बेंडाळे नियमांचा कागद मधे ठेवून बसले.

"डॉक्टर, भूल दिलेला माणूस आतून जागा आहे की नाही, हे कसं ओळखता?"

हा प्रश्न बेंडाळ्यांच्या हातातला होता. त्यांना बरं वाटलं. "नाडी, रक्तदाब, घाम, डोळ्यांतलं पाणी. यंत्रंही असतात. आणि एक जुनी पद्धत आहे. स्नायू ढिले करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही. मग पेशंटच्या कानाशी जाऊन सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा."

"दाबतात?"

"काही दाबतात."

"मग नंतर सांगतात तुम्हाला?"

"बहुतेकांना आठवत नाही. एखाद्याला आठवतं."

"तुम्ही विचारता, कानाशी जाऊन?"

"दर वेळी कुठे... घाई असते."

भन्तेंनी मान हलवली. हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि ते स्थिर झाले.

बेंडाळे थांबले. पाच मिनिटं गेली. एक माशी भन्तेंच्या भुवईवर बसली, चालली, उडाली. भुवई हलली नाही.

"भन्ते, सहीचं?"

...

"तुम्ही ऐकताय का?"

...

सवयीने बेंडाळ्यांची नजर त्यांच्या छातीकडे गेली. श्वास संथ होता. बाकी काहीच कळत नव्हतं. ज्या डोक्यातली वीज त्यांनी सहा वर्षांपूर्वी कागदावर उतरवून घेतली होती, ते डोकं हातभर अंतरावर होतं आणि आत कोणी आहे की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

ते उठायला निघाले आणि परत बसले.

"तिने एक गोष्ट लिहिली होती," ते हळूच म्हणाले. "ती मी तुम्हाला सांगितली नाही. ऑपरेशन चालू असताना एक डॉक्टर म्हणत होते, आमच्या शेतातल्या कलमाला यंदा पहिल्यांदा मोहर आलाय..."

भन्ते हलले नाहीत.

"शेत माझं आहे. मीच सांगत होतो सिस्टरला. दोन वर्षं झाली. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. भुलीच्या यंत्रातलं औषध संपलं होतं, आणि माझं लक्ष नव्हतं. आधीच्या पेशंटच्या वेळी आवाज नको म्हणून मी धोक्याची घंटा बंद केली होती. बाईंची नाडी वाढली. मी रक्तदाबाचं इंजेक्शन दिलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मी ते पुसलं आणि पापणीवर पुन्हा पट्टी चिकटवली. आठ-नऊ मिनिटं... मग माझ्या लक्षात आलं, औषध भरलं. कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, डॉक्टर, मला काहीतरी विचारायचंय. मी म्हटलं, राउंड आटोपून येतो. आणि गेलोच नाही."

बोलताना त्यांना शंभरदा वाटलं, हे आपण भिंतीला सांगतोय. तरी ते सांगत राहिले. संपलं तेव्हा शर्टाची पाठ ओली झाली होती.

भन्तेंनी डोळे उघडले.

"हे सगळं तुमच्या स्वतःच्या अनुभवातलं?"

"हो."

"त्या दिवशीच्या ऑपरेशनच्या कागदावर काय लिहिलंय?"

"सर्व सुरळीत."

"कोणी लिहिलं?"

"मीच."

"मग नवव्या नियमाने पुरावा त्या कागदावर आहे," भन्ते म्हणाले आणि नियमांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

भन्तेंच्या बोलण्यात थट्टा नव्हती. बेंडाळे नवव्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी मोबाइल काढला आणि 'एक पेशंट'ला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं.

"त्यांना एकट्यांना निरोप पाठवतो," ते म्हणाले. "माफी मागतो."

"काढलं कोणासमोर होतं?"

बेंडाळ्यांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. सगळ्यांसमोर लिहायचं म्हणजे उद्या चौकशी, परवा वर्तमानपत्र. आणि हा सारा डाव असला, तर आपण आपल्याच पायांनी त्यात चाललो होतो.

"सापळा असेल तर, भन्ते?"

"असेल."

चौथ्यांदा त्यांनी लिहिलं ते असं: 'एक पेशंट यांची पोस्ट मी काढली. ती खोटी वाटली म्हणून नाही, खरी वाटली म्हणून. मोहराचं बोलणारा डॉक्टर मी होतो. चूक माझी होती. बाई, तुम्हाला जे विचारायचं होतं ते विचारा. मी इथे आहे. हेमकांत बेंडाळे.'

त्यांनी ते पाठवलं.

दोघे बसून राहिले. ऊन चटईच्या कडेपर्यंत आलं. मोबाइल वाजला तेव्हा बेंडाळ्यांनी तो झडप घालून उचलला. खोडकेंनी लिहिलं होतं, 'हे बेंडाळ्यांनी लिहिलंय कशावरून? ते असं लिहिणार नाहीत. खातं कोणीतरी चोरलंय, नाहीतर यंत्राकडून लिहवून घेतलंय. आधी सिद्ध करा.' खाली भराभर पंचवीस जणांनी अंगठे दाखवले.

बेंडाळे ते वाचत राहिले. हसावं की काय करावं, त्यांना कळेना.

'एक पेशंट'कडून काहीच आलं नव्हतं. अर्धा तास झाला. एक तास झाला. भन्तेंनी उरलेल्या चटया झटकून घड्या घातल्या.

"भन्ते," बेंडाळे शेवटी म्हणाले, "ती बाई नसलीच तर? तिथे कोणी माणूसच नसलं तर?"

भन्तेंनी नियमांचा कागद उचलला, सही न करता त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाले,

"आता एक आहे."