पहिलं कार्ड कुणाचं?

आमच्या गावच्या एटीएमनं माझं पेन्शनचं कार्ड दोनदा गिळलं. कार्ड ओढणारा रोलर पार झिजला होता. दुरुस्तीला आलेल्या धोत्रेबाईंनी कंपनीचा अस्सल रोलर मागितला, तर बँकेचे मोठे साहेब सगळ्यांसमोर कडाडले, "स्वस्तातला बसवा! लोकांना काय कळतंय?"

बाईंनी तो बसवला आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्यात रीत आहे. पार्ट ज्यानं निवडला, चाचणीला पहिलं कार्ड त्याचं."

साहेबांचा हात खिशातच थबकला. "अडकलं तर?"

"पंधरा दिवसांत नवं मिळतं." बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या आजोबांना दोन्ही वेळा आपण हेच सांगितलंत ना?"

तिसऱ्या दिवशी अस्सल रोलर आला. पहिलं कार्ड बाईंनी स्वतःचं घातलं, दुसरं माझं. ते सुखरूप बाहेर आलं, तेव्हा मी ते आधी कपाळाला लावलं आणि बाईंना हात जोडले.